बौद्धिक अक्षमता व स्थानिक संगोपनसेवा

ज्या मुलांची बौद्धिक वाढ जन्मापासून किंवा वाढीच्या वयात अपुरी राहते व त्यामुळे ज्यांना शिकणे, विचार करणे आणि दैनंदिन व्यवहारांत वयानुरूप स्वावलंबी होणे कठीण जाते, अशा मुलांना त्यांच्या कुटुंबात व गावात राहूनच मिळणारी निदान, उपचार, शिक्षण, व्यवसायप्रशिक्षण व संरक्षण यांची एकत्रित व्यवस्था. अशा मुलांना मराठीत दीर्घकाळ ‘मतिमंद’ म्हटले जाई. प्रस्तुत नोंदीत या सेवेचा महाराष्ट्रातील इतिहास दिला असून रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांच्या संदर्भात तिचे स्वरूप व तिच्यापुढील अडचणी यांचा विचार केला आहे.

बौद्धिक अक्षमता हा रोग नव्हे आणि ते वेडही नव्हे. वेड किंवा मनोविकृती ही घडलेल्या मनात उद्‌भवलेली विकृती असते व ती औषधोपचाराने पुष्कळदा आटोक्यात येते. बौद्धिक अक्षमतेत मनाची घडणच मंद गतीने होते. सर्वसाधारणपणे ज्यांचा बुद्धिगुणांक ७० च्या आत आहे व ज्यांची सामाजिक समायोजनशक्तीही तितकीच उणी आहे, अशांचा या वर्गात समावेश होतो [→ बुद्धिमापन]. त्यांपैकी बहुसंख्य, म्हणजे सु. ८५ टक्के मुले सौम्य प्रतीची असतात. योग्य शिक्षण मिळाल्यास ती लिहिणे, वाचणे, साधा हिशेब व एखादा हातव्यवसाय शिकू शकतात. ‘अध्ययन अक्षमता’ ही संज्ञा मात्र वेगळी आहे. तीत बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या कौशल्यात मूल अडखळते. शाळेत मागे पडणारी सर्व मुले एकाच मापाने मोजली गेल्याने या दोन्ही गटांचे नुकसान झाले आहे.

संज्ञांचा इतिहास : ग्रामीण मराठीत अशा मुलास खुळा, वेडसर, भोळा, अर्धवट अशी नावे होती. त्यांत उपहास होता, तशी काही ठिकाणी मायाही होती; तथापि वेड व मंदबुद्धी यांतील भेद त्यांत नव्हता. ‘जड’ हा संस्कृत ग्रंथांतील शब्द. इंग्रजी अंमलात ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ असे कायद्याचे शब्द रूढ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मतिमंद’ ही संज्ञा शासकीय व शैक्षणिक व्यवहारात स्थिरावली. पालकांना ती बोचू लागल्यावर ‘गतिमंद’, ‘विशेष मूल’ असे पर्याय पुढे आले. २०१६ च्या कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ किंवा ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ ही संज्ञा मान्य केली. नाव बदलले, की काही काळाने नव्या नावालाही जुना वास लागतो, असा इतर देशांतलाही अनुभव आहे.

धर्मशास्त्र व वारसाहक्क : प्राचीन भारतीय समाजात या व्यक्तींचे स्थान काय होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दायविभागाच्या नियमांत सापडतो. मनुस्मृतीत जन्मांध, बधिर, उन्मत्त, जड, मूक इत्यादींना पित्याच्या संपत्तीत वाटा नाकारला आहे. मात्र त्यांना आमरण अन्नवस्त्र देणे हे वाटेकऱ्यांचे कर्तव्य असल्याचे लगेच पुढे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृती व कौटिलीय अर्थशास्त्र यांतही असाच विचार आढळतो. महाराष्ट्रात विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेचे प्रामाण्य असल्याने हा नियम येथील कुटुंबव्यवहारात मुरला. म्हणजे संगोपनाची हमी होती. पण ती हक्काची नव्हे, आश्रयाची. एकत्र कुटुंब टिकून होते तोवर या हमीस अर्थ होता. कुटुंबे विभक्त झाली तसा आश्रय संपुष्टात आला व हक्क तर नव्हताच.

१९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियमाने बहुतेक शारीरिक व्यंगांच्या आधारे येणारी अपात्रता रद्द केली. परंतु जन्मतः वेडे किंवा जड असलेल्यांना त्या सुधारणेतून वगळले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २८ व्या कलमाने कोणताही रोग, दोष किंवा व्यंग यामुळे वारसाहक्क जाणार नाही, असे ठरविले. शतकानुशतके चालत आलेली अपात्रता अशा रीतीने कायद्यापुरती संपली. मात्र हक्क बजावण्यासाठी पालनकर्ता कोण, हा प्रश्न पुढे ४३ वर्षे अनिर्णित राहिला.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : फ्रान्समध्ये आव्हेरॉनच्या अरण्यात सापडलेल्या मुलास शिकविण्याचा झां ईतार या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केलेला प्रयत्न हा या क्षेत्रातील शिक्षणाचा प्रारंभ मानतात. त्याचा शिष्य एद्वार सेगँ याने ज्ञानेंद्रिये व स्नायू यांच्या शिक्षणाची पद्धती बसविली. पॅरिसच्या शाळांतील मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी आल्फ्रेड बीने व तेओडोर सीमॉन यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. मुलांना मदत मिळावी हा तिचा मूळ हेतू होता. परंतु अमेरिकेत व यूरोपात तिचा उपयोग मंदबुद्धींना समाजापासून अलग ठेवण्यासाठी, तसेच त्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या समर्थनार्थही झाला. शेकडो व्यक्तींना एकत्र डांबणाऱ्या मोठ्या वसतिगृहांचा काळ तो हाच.

सेगँच्या साधनांचा अभ्यास करून मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये प्रथम मंदबुद्धी मुलांना शिकविले व १९०७ नंतर तीच तत्त्वे सर्व मुलांच्या शिक्षणास लावली. या विचारांचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हे त्यामागील सूत्र. मंदबुद्धींच्या शिक्षणातून निघालेली एक धारा अशा रीतीने कोकणच्या किनाऱ्यावरील अंगणवाडीत येऊन पोहोचली. त्याच अंगणवाडीतून आज अक्षम बालकांचा शोध घेतला जातो, हा योगायोग लक्षणीय आहे.

मुंबई इलाख्यातील आरंभ : १९१२ च्या भारतीय वेडविषयक अधिनियमात ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येत जडबुद्धी व्यक्तीचाही समावेश होता. त्यामुळे घरात न सांभाळता येणाऱ्या मुलास वेड्यांचे रुग्णालय हाच एक सरकारी आश्रय उरे. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. निराधार व अपराधी मुलांत अनेक मंदबुद्धी मुले आढळू लागल्याने या संस्थेने १९४१ मध्ये मानखुर्द येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र गृह काढले. १९४४ मध्ये वकील दांपत्याने आपल्या जय या मुलीच्या गरजेतून मुंबईत एक लहानशी शाळा सुरू केली. तीच पुढे शिवडी येथील जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. या दोन संस्थांमधून या क्षेत्रातील दोन परंपरा दिसतात : एक निराधारांना आश्रय देण्याची व दुसरी पालकांच्या पुढाकाराने शिक्षण देण्याची. महाराष्ट्रातील नंतरचे बहुतेक कार्य दुसऱ्या परंपरेतून वाढले. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ची स्थापना केली. मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली.

निदानाची साधने देशी भाषांत उपलब्ध होणे आवश्यक होते. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे बीने चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर केले आणि त्यावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध केला. बीने-कामत चाचणी महाराष्ट्रात अनेक दशके वापरात राहिली. नागपूर येथे ए. जे. मलिन यांनी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपांतर व मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली. सामाजिक परिपक्वतेच्या मापनात मूल स्वतः जेवते काय, कपडे घालते काय, रस्ता ओलांडते काय, अशा गोष्टी पालकांना विचारून नोंदवितात. शाळेत न गेलेल्या ग्रामीण मुलांच्या बाबतीत हे मापन अधिक न्याय्य ठरते.

ही सर्व केंद्रे शहरांत होती. कुलाबा जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) पालकास मुलाचे निदान करून घ्यावयाचे तर मुंबई गाठावी लागे. बोटीने, एस्‌टीने किंवा पायी केलेल्या अशा प्रवासाच्या अखेरीस बहुधा ‘हे असेच राहणार’ एवढेच उत्तर हाती येई.

शासकीय धोरण : अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ मध्ये सुरू झाली, तथापि तिचा लाभ प्रारंभी मुख्यतः अंध, अस्थिव्यंग व बधिर मुलांना झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी हे गावपातळीवरील बालसेवेचे केंद्र बनले. महाराष्ट्र शासनाने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था स्थापन झाली. पुढे तिचे नाव बदलून राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असे झाले. तिचे एक प्रादेशिक केंद्र रायगड जिल्ह्यातील खारघर येथे आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले आणि १९१२ पासूनची गल्लत कायद्यात तरी दूर केली.

१९९२ मध्ये भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा होऊन विशेष शिक्षकांच्या पात्रतेस नियम आले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शिक्षण व रोजगार यांविषयीची शासनाची जबाबदारी सांगितली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या नेमून, १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी पालनकर्ता नियुक्त करण्याची सोय केली. भारताने अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला व २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अक्षमता असलेल्या बालकास घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या बालकास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र करण्यात आला. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना माध्यमिक शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच मान्यता दिली होती.

संस्थाश्रयाचे अनुभव : मुलांना दूरच्या वसतिगृहात ठेवणे हा ग्रामीण पालकांपुढील मार्ग किती धोक्याचा ठरू शकतो, हे महाराष्ट्रातील काही घटनांनी दाखविले. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीच्या काळात त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे कारण सांगितले गेले. महिला व आरोग्य संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविल्यावर संमती कोणाची, सोय कोणाची, असे मूलभूत प्रश्न देशभर चर्चिले गेले. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील वसतिगृहातील बालमृत्यूंच्या वृत्तांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली व राज्यातील अशा गृहांच्या पाहणीस चालना दिली. २०११ मध्ये रायगड जिल्ह्यातच, पनवेलजवळच्या एका खासगी गृहातील मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा ठोठावल्या.

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान होती. ज्या मुलांना आपले दुःख नीट सांगता येत नाही, ती त्यांना ओळखणाऱ्या माणसांपासून दूर होती. मूल आपल्या आळीत, आपल्या माणसांच्या दृष्टीसमोर असणे हे संरक्षणाचे एक मोठे साधन आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो. घरे सुरक्षितच असतात, असे म्हणता येणार नाही. बांधून ठेवलेली, कोंडलेली मुले गावोगावी आढळली आहेत. म्हणून स्थानिक सेवेत घराला मदत व घरावर लक्ष, दोन्ही अभिप्रेत आहेत.

समाजाधारित पुनर्वसन : १९७८ च्या आल्मा-आता परिषदेनंतर प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार पुढे आला व जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा पुरस्कार केला. मोठ्या संस्थांऐवजी गावातील कार्यकर्ता, कुटुंब व उपलब्ध साधने यांवर ही पद्धती उभी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज या ग्रामीण भागात १९६९ मध्ये सुरू झालेला प्रकल्प या दृष्टीने उद्‌बोधक आहे. विखुरलेल्या शेतवस्त्यांतून मुलांना एका शाळेत आणणे अशक्य असल्याने तेथे शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाई, आईला एक-दोन कृती शिकवी व पुढच्या आठवड्यात प्रगती पाही. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘साधना व्हिलेज’ने प्रौढ मतिमंदांना ग्रामजीवनात सामावून घेण्याचा प्रयोग केला. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी येथे ‘घरकुल’ उभारले. पालकांनीच आपल्या पश्चात मुलांची व्यवस्था करण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

पेण–रोहा परिसर : पेण हे मुंबई–गोवा महामार्गावरील गाव गणेशमूर्तींसाठी व खाडीकाठच्या मिठागरांसाठी प्रसिद्ध आहे. विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यात येते. रोहा हे कुंडलिका नदीच्या काठी वसलेले असून पलीकडील काठावर अष्टमी आहे. चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्यामुळे ते परिचित आहे. धाटाव येथील औद्योगिक वसाहतीने रोह्याचे आर्थिक रूप बदलले. १९८६ मध्ये आपटा–रोहा लोहमार्ग सुरू झाला व पुढे रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान बनले. खारेपाटातील आगरी व कोळी वस्त्या, डोंगरपायथ्याच्या ठाकूर व कातकरी वाड्या आणि कारखान्यांभोवतीच्या कामगारवस्त्या असे या भागाचे तीन भिन्न समाज आहेत. त्यामुळे एकाच धर्तीची सेवा येथे पुरी पडत नाही.

खारेपाटात घरे जवळजवळ असल्याने मूल लपून राहत नाही, पण उधाणाच्या व पावसाच्या दिवसांत त्याला शाळेत नेणे दुष्कर होते. डोंगरवाड्यांत वाहनाची सोय तुटपुंजी. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतात. अशा कुटुंबातील अक्षम मूल गावच्या अंगणवाडीच्या यादीत असते, पण प्रत्यक्ष भट्टीवर असते. तेथील यादीत त्याचे नाव नसते. कामगारवस्तीत आई-वडील दोघेही पाळीवर गेल्यास मूल दिवसभर कोणी सांभाळावयाचे, हाच प्रथम प्रश्न असतो. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग असल्याने अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी तेथील शासकीय रुग्णालयात जाणे हे रोजंदारीवरील पालकांच्या दृष्टीने मजुरी बुडविणे असते. एका फेरीत काम न झाल्यास अनेक पालक पुन्हा जात नाहीत. प्रमाणपत्राविना अनुदान, प्रवाससवलत व राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्यविमा योजना यांपैकी काहीच मिळत नाही.

पेण येथे सुहित जीवन ट्रस्ट या संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कार्य उभारले आहे. मुंबईपासून फार दूर नसलेल्या, तरीही मुंबईच्या सेवांपासून वंचित राहिलेल्या पट्ट्यात अशा कार्याचे मोल अधिक आहे.

सेवेचे स्वरूप : स्थानिक सेवेचे पहिले अंग म्हणजे शोध. मूल सहा महिन्यांनंतरही मान धरत नाही, वर्षाचे होऊनही बसत नाही, दोन वर्षांचे होऊनही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही, ही लक्षणे अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्या ध्यानात येऊ शकतात. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० विकारांसाठी तपासणी होते. वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात, असा नियम आहे. शोध लवकर लागल्यास लाभ मोठा असतो, कारण पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते.

दुसरे अंग शिक्षणाचे. यात कृतिपृथक्करण हे मुख्य तंत्र होय. उदा., सदरा घालणे ही कृती हात बाहीत घालणे, डोके बाहेर काढणे, कडा खाली ओढणे, गुंडी लावणे अशा पायऱ्यांत विभागतात. अनेकदा शेवटची पायरी प्रथम शिकवितात. आईने बाकीचे सर्व करावे व मुलाने केवळ कड खाली ओढावी. काम ‘आपण पुरे केले’ याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. स्नान, जेवण, शौच, बाजारातून वस्तू आणणे, एस्‌टीच्या पाटीवरील गावाचे नाव ओळखणे यांचे शिक्षण अशाच क्रमाने होते. या कामास महागडी साधने लागत नाहीत. चिकाटी व सातत्य मात्र लागते.

तिसरे अंग व्यवसायाचे. शहरी संस्थांत मेणबत्त्या, लिफाफे, कागदी फुले बनविण्याचे प्रशिक्षण पूर्वापार दिले जाते. परंतु गावात त्यांना गिऱ्हाईक नसते. स्थानिक सेवेत परिसरातील धंद्याचा विचार करणे अगत्याचे आहे. मूर्तिकामातील माती मळणे, साच्यात माती भरणे, मूर्ती घासणे. शेतीतील रोपवाटिका, कोंबडीपालन, भाजीच्या जुड्या बांधणे अशी कामे ठरावीक, पुनरावृत्तीची व सोबतीने करावयाची असल्याने अनेकांना जमतात. कामाचा दर मात्र इतरांप्रमाणेच मिळाला पाहिजे. अन्यथा पुनर्वसनाच्या नावाखाली स्वस्त मजुरीची सोय होते.

चौथे अंग पालकांचे. मुलाच्या अक्षमतेचा दोष मातेच्या माथी मारण्याची प्रवृत्ती सर्व थरांत आढळते. देवर्षी, नवस, उतारे यांत पैसा व मुलाची मोलाची वर्षे खर्ची पडतात. समान अनुभवाच्या पालकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसणे, याचा परिणाम तज्ञाच्या व्याख्यानापेक्षा अधिक होतो, असे सर्वत्र दिसून आले आहे. भावंडांकडेही लक्ष द्यावे लागते. धाकट्या बहिणीची शाळा थोरल्या भावाला सांभाळण्यासाठी सुटली, तर एका मुलाच्या अक्षमतेने दोन मुलांचे शिक्षण बुडते.

प्रतिबंध : बौद्धिक अक्षमतेची सर्व कारणे टाळता येत नाहीत. डाउन लक्षणसमूह रंगसूत्रांतील बदलामुळे होतो, हे १९५९ मध्ये सिद्ध झाले. मात्र प्रसूतीच्या वेळी अर्भक गुदमरणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर, मातेचे कुपोषण व आयोडिनाचा अभाव ही कारणे बव्हंशी टाळता येण्याजोगी आहेत. गर्भावस्थेत आयोडीन कमी पडल्यास अर्भकाच्या मेंदूची वाढ खुंटते. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या मिठात आयोडीन पुरेसे असते, हा मिठागरांच्या प्रदेशातील समज खरा नाही. साध्या मिठात ते नगण्य असते. केंद्र शासनाने १९६२ मध्ये गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि १७ मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास पुन्हा बंदी घातली. रस्ता व वाहन यांचाही संबंध येथे येतो. पावसाळ्यात डोंगरवाडीतून प्रसूतीसाठी निघालेली स्त्री दवाखान्यात वेळेवर पोहोचते की नाही, यावर त्या मुलाचे सारे आयुष्य अवलंबून असू शकते.

उणिवा व भवितव्य : २०११ च्या जनगणनेत भारतात सु. २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी सु. १५ लाख मतिमंद होत्या. सौम्य अक्षमता घरोघरच्या मोजणीत सहसा दिसत नाही व पालक ती सांगत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या अधिक असावी, असे तज्ञ मानतात. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, हा प्रशासनाचा साधा नियम आहे.

कायद्याने ६ ते १८ या वयाची जबाबदारी स्पष्टपणे घेतली आहे. मात्र पहिली सहा वर्षे, जेव्हा शिकविण्याचा लाभ सर्वाधिक होतो, आणि अठरानंतरची सारी हयात, जेव्हा आई-वडील थकू लागतात, या दोन्ही काळांत मदत विरळ होते. अनेक विशेष शाळांतील मुले अठरा वर्षांची झाल्यावर घरी बसतात व कमावलेली कौशल्ये हळूहळू गमावतात. ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. ही रक्कम एकेकट्यास वाटून टाकण्याऐवजी तीन-चार गावांनी एकत्र येऊन दिवसाचे संगोपनकेंद्र, एक वाहन व एक प्रशिक्षित शिक्षिका यांची सोय केल्यास ती अधिक कारणी लागेल.

‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. स्मृतिकारांनी त्याचे उत्तर अन्नवस्त्रात शोधले, विसाव्या शतकाने वसतिगृहात शोधले. १९९९ च्या कायद्याने पालनकर्त्याची तरतूद केली. पण पालनकर्ता होण्यास तयार असा विश्वासू माणूस कायदा निर्माण करू शकत नाही. ज्या गावात ते मूल लहानपणापासून रस्त्यावर, देवळात, बाजारात, शाळेच्या पटांगणात सर्वांच्या परिचयाचे असते, तेथेच असा माणूस सापडण्याची शक्यता असते. रोहा किंवा पेणसारख्या लहान शहरांतील सेवेचे खरे मूल्य मुख्यतः या परिचयात आहे. मुलाला शिकविण्याइतकेच गावाला त्याची सवय करून देणे हे तिचे कार्य होय.